वेबसाईट फास्ट केली की गूगलवर वर येते का? भिवंडीतल्या बारा मागांची गोष्ट

(या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त "अं…", "म्हणजे बघा" आणि मागे वाजलेले हॉर्न काढलेत.)



आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलाय. "दादा, वेबसाईटचा स्पीड वाढवला की गूगलवर रँक वाढतो का?" एका शब्दात उत्तर हवं असेल तर: थोडा. पण या "थोडा"चा अर्थ समजायला मला जवळजवळ वर्ष गेलं आणि आमच्या घरची एक ऑर्डरही गेली. म्हणून आज टिप्सच्या आधी गोष्ट सांगतो. टिप्स त्यातूनच येतील.

एकोणीस मोजले रे

मी भिवंडीचा. नारपोलीत बाबांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की काही मोठं डोळ्यासमोर आणू नका. पत्र्याची शेड, बारा माग, दोन पाळ्या. आम्ही ग्रे कापड विणतो, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ते दलालामार्फत विकायचं आणि पैसे येतील तेव्हा घ्यायचे. सुताचा भाव चढला की मार आपल्याला, कापडाचा भाव पडला की मार परत आपल्यालाच.

२०२३ साली धंदा इतका बसला की बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "दोन माग भंगारात देऊन टाकू." भिवंडीत हे वाक्य नवीन नाही. माग किलोवर विकला जातो. ज्या मागावर आपलं शिक्षण झालं, तो टेम्पोत चढताना बघायचा. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहितीय.

मी तेव्हा ठाण्यात एका ऑफिसात वेबसाईटचीच कामं करत होतो. म्हटलं, "बाबा, थांबा. दलालाशिवाय गिऱ्हाईक आणतो. वेबसाईट बनवतो." पंधरा रात्री जागून बनवली, आणि मला ती भारी वाटत होती. वर धडधड चालणाऱ्या मागांचा व्हिडिओ. खाली पाच फोटोंचा सरकता स्लायडर, नवीन मोबाईलने काढलेले. कोपऱ्यात चॅटचा बुडबुडा, "आमच्याशी जोडले जा" असा पॉपअप, आणि हसू नका, वरून कापूस पडतोय असं ॲनिमेशन. माझ्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर, चुटकीसरशी उघडायची.

मग एक दिवस कल्याण नाक्यावर चहा पिताना बाबांना उल्हासनगरचा एक गिऱ्हाईक भेटला. पँटच्या खिशाला जे आतून कापड लागतं, ते घेणारा. बाबांनी मोठ्या अभिमानाने खिशातून फोन काढला. "माझ्या पोराने वेबसाईट केलीय, बघा." बाबांचा फोन चार वर्षं जुना, तीन जीबी रॅमचा. वेबसाईट उघडायला गेले, तर स्क्रीन पांढरी.

बाबांना एक सवय आहे. वाट बघताना मनात मोजतात. मागासमोर आयुष्य गेल्यामुळे असेल. एक, दोन, तीन… एकोणीसला काहीतरी दिसलं, तर तो पॉपअप. कापड दिसायच्या आधीच "तुमचा ईमेल द्या". गिऱ्हाईकाने चहा संपवला, हसला, म्हणाला, "शेठ, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका," आणि गेला. ऑर्डर दुसरीकडे गेली.

रात्री बाबा चिडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "एकोणीस मोजले रे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

गूगलला स्पीडचं काय पडलंय?

त्याच आठवड्यात मी गूगलवर बघितलं, तर आमची वेबसाईट कितव्या तरी पानावर होती. माझ्या डोक्यात दोन गोष्टी लगेच जुळल्या: स्लो आहे, म्हणून खाली आहे. तुमच्याही डोक्यात हेच असेल. म्हणून आधी खरं काय ते बघू.

गूगलने एप्रिल २०१० मध्ये पहिल्यांदा जाहीर केलं की वेबसाईटचा स्पीड आम्ही रँकिंगमध्ये धरतो. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं होतं की याचा परिणाम शंभरातल्या एकाहूनही कमी सर्चवर होईल. मग जुलै २०१८ मध्ये मोबाईल सर्चसाठी वेगळा स्पीड अपडेट आला. त्यातही म्हटलं होतं की फटका बसेल तो सगळ्यात संथ पानांना. २०२० मध्ये "कोअर वेब व्हायटल्स" नावाची मापं आली, आणि जून ते ऑगस्ट २०२१ या काळात ती मोबाईल रँकिंगमध्ये लागू झाली. डेस्कटॉपसाठी २०२२ मध्ये.

म्हणजे स्पीड मोजला जातो, हे खरं. पण गूगल पहिल्यापासून एक गोष्ट सांगत आलंय: माणसाने जे शोधलं त्याचं उत्तर तुमच्या पानावर आहे का, हे आधी. उत्तर चांगलं असेल तर संथ पानही वर दिसू शकतं. दोन पानांचं उत्तर सारखंच चांगलं असेल, तर तिथे स्पीड कामाला येतो. परीक्षेत दोघांना सारखे मार्क पडले की अक्षर कोणाचं चांगलं ते बघतात ना, तसं.

तीन मापं, सोप्या भाषेत

कोअर वेब व्हायटल्समध्ये तीन मापं आहेत. नावं इंग्रजी आहेत, पण अर्थ घरगुती आहे.

पहिलं, एलसीपी. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे मुख्य फोटो किंवा मोठं शीर्षक, दिसायला किती वेळ लागला? अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगलं. चार सेकंदांच्या वर गेलं तर वाईट.

दुसरं, आयएनपी. तुम्ही बटण दाबलं, मेनू उघडला, तर स्क्रीनवर प्रतिसाद दिसायला किती वेळ? २०० मिलीसेकंदांच्या आत हवा, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात. हे माप नवं आहे. १२ मार्च २०२४ ला ते आलं आणि आधीचं एफआयडी गेलं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून एफआयडी शिकवतात, त्याच्या मागे लागू नका.

तिसरं, सीएलएस. पान वाचताना मजकूर उड्या मारतो का? तुम्ही "फोन करा" दाबायला जाता, तेवढ्यात वर जाहिरात येते, सगळं खाली सरकतं आणि भलतंच दाबलं जातं. ते हे. याचा आकडा ०.१ च्या आत हवा.

आता यातली खरी गंमत ऐका. हे आकडे गूगल स्वतःच्या कॉम्प्युटरवर मोजत नाही. ते येतात क्रोम वापरणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून. मागच्या २८ दिवसांतल्या भेटी घेतात, आणि त्यातल्या ७५ टक्के भेटींमध्ये आकडा चांगला असेल तर पान पास. म्हणजे शंभर जण आले, त्यातले पंचाहत्तर समाधानी हवेत.

याचा अर्थ लक्षात आला का? परीक्षा माझ्या लॅपटॉपची नव्हतीच. परीक्षा होती कल्याण नाक्यावरच्या बाबांच्या फोनची.

शंभर मार्कांचा नाद

पण हे मला लगेच कळलं नाही. मी आधी एका वेगळ्याच नादाला लागलो. पेजस्पीड इनसाइट्स म्हणून गूगलचं फुकट टूल आहे. वेबसाईटचा पत्ता टाकला की ते शंभरपैकी मार्क देतं. मी तो आकडा वाढवायच्या मागे लागलो. रात्रंदिवस तेच. ऐंशी झाले, मग ब्याऐंशी, मग परत एकोणऐंशी. दर वेळी थोडा वेगळाच आकडा.

ते मार्क म्हणजे सराव परीक्षा असते. टूल एक ठरावीक फोन आणि ठरावीक नेटवर्क धरून चाचणी घेतं. काय बिघडलंय ते शोधायला ती उत्तम, पण त्या शंभर मार्कांवरून रँक ठरत नाही. त्याच पानावर सगळ्यात वर, खऱ्या वापरकर्त्यांचा अनुभव असा एक भाग असतो. बघायचा तो.

आमच्या बाबतीत तो भाग रिकामा होता. पुरेसा डेटा नाही! कारण वेबसाईटवर माणसंच येत नव्हती. लहान वेबसाईट असलेल्या प्रत्येकाने हे नीट ऐका. येणारे कमी असतील तर गूगलकडे तुमच्या स्पीडचे खरे आकडेच नसतात. मग स्पीडमुळे रँक किती हलणार? मी महिनाभर चुकीच्या आजाराला औषध देत होतो.

मग स्पीडचं काम सोडून द्यायचं? नाही. कारण तो उल्हासनगरचा गिऱ्हाईक गूगलवरून आलाच नव्हता. तो समोर बसला होता, आणि तरी गेला. मोठ्या कंपन्यांचंही हेच आहे. व्होडाफोनने इटलीत एकाच पानाची दोन रूपं करून चाचणी घेतली. ज्याचं एलसीपी ३१ टक्के सुधारलं होतं, त्यावर विक्री ८ टक्क्यांनी जास्त झाली. आपल्याकडे तिकीट काढायचं रेडबस, त्यांनी आयएनपीवर काम केलं आणि विक्री ७ टक्के वाढल्याचं सांगितलं. यात रँकचा काही संबंध नाही. आलेला माणूस थांबला, एवढंच.

म्हणून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि बाबांचा फोन मागून घेतला. वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, क्रोमची इन्कॉग्निटो विंडो, आणि शेडच्या आत उभा राहिलो, जिथे पत्र्यामुळे नेटवर्क अर्धं होतं. बाबा मोजणार, मी बदलणार.

भिवंडीचं गोडाऊन आणि वेबसाईटचा सर्व्हर

पहिली अडचण निघाली सर्व्हरची. मी स्वस्तात स्वस्त होस्टिंग घेतलं होतं. सर्व्हर अमेरिकेत.

आता भिवंडीच्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, जिकडे बघाल तिकडे गोडाऊन. का? एक म्हणजे पूर्वी मुंबईची जकात वाचायची, आणि दुसरं म्हणजे मुंबई-नाशिक हायवे हाताशी. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, पण गोडाऊन वाढतच राहिली. कारण मुंबई-ठाण्याच्या माणसाने सकाळी ऑर्डर दिली तर माल जवळ असला पाहिजे. प्रत्येक वेळी लांबच्या कारखान्यातून आणून कसं चालेल?

इंटरनेटचंही तेच. फायबरच्या तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. भारी वेग वाटतो ना? पण अमेरिकेचा पूर्व किनारा इथून बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. एक फेरी, जाऊन-येऊन, प्रत्यक्षात २०० मिलीसेकंदांच्या वर जाते. आणि पान येण्याआधी फोन आणि सर्व्हर यांच्यात आधी ओळखपाळख होते, मग सुरक्षित जोडणी होते, मग मागणी जाते. तीन फेऱ्या झाल्या की अर्ध्या सेकंदाहून जास्त गेला, आणि अजून एक अक्षर आलेलं नाही.

उपाय दोन. एक, सर्व्हरच भारतात घ्या. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ पासून मुंबईत आहे, गूगलची २०१७ पासून. बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे मुंबईचा पर्याय असतो, घेताना फक्त विचारायचं. दोन, सीडीएन वापरा. सीडीएन म्हणजे सरळ सांगायचं तर इंटरनेटवरची भिवंडी. तुमच्या फोटोंच्या, फाईलींच्या प्रती ठिकठिकाणच्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या असतात आणि माणसाला जवळच्या गोडाऊनमधून माल मिळतो. साध्या वेबसाईटला फुकटचा प्लॅनही पुरतो.

त्याबरोबर कॅशिंग चालू केलं. आधी कोणी आलं की दर वेळी सर्व्हर पान नव्याने तयार करत होता. आमच्या कापडाची माहिती काय रोज बदलते? मग पान एकदाच तयार करून ठेवायचं आणि तेच द्यायचं. सर्व्हरचं पहिलं उत्तर ८०० मिलीसेकंदांच्या आत यावं असं गूगल सुचवतं. आम्ही त्याच्या आत आलो.

बाबांची मोजणी एकोणीसवरून पंधरावर आली.

फोटो, फोटो आणि फोटो

दुसरी अडचण फोटोंची. आणि खरं सांगू, तुमच्या वेबसाईटचीही बहुतेक हीच असणार.

साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे चार हजार बाय तीन हजार पिक्सेल. चार-पाच एमबी एकेक. फोनच्या स्क्रीनवर तो बोटभर दिसतो, पण उतरतो पूर्णच्या पूर्ण. रुमाल घ्यायला आलेल्याच्या अंगावर अख्खा तागा टाकण्यासारखं आहे.

मी काय केलं, ते क्रमाने सांगतो. प्रत्येक फोटो आठशे ते बाराशे पिक्सेल रुंदीचा केला. फॉरमॅट वेबपी केला, त्यात तेवढाच फोटो जेपेगपेक्षा लहान होतो. खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाकले, म्हणजे माणूस तिथपर्यंत सरकला तरच उतरणार. आणि इथे एक चूक मीही केली, तुम्ही करू नका: सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग लावू नका. तो तर लगेच हवाय. त्याला उलट प्राधान्य द्यायचं, त्यासाठी "फेचप्रायॉरिटी" नावाची सोय आहे. प्रत्येक फोटोला उंची-रुंदी लिहून ठेवली, म्हणजे फोटो यायच्या आधीच ब्राउझर जागा धरून ठेवतो आणि मजकूर उडी मारत नाही.

मागांचा व्हिडिओ काढून टाकला. मन दुखलं, पण काढला. स्लायडरही गेला. पाचपैकी चार फोटो कोणी बघतच नव्हतं.

बाबा: "सात."

एक कंटेनर आडवा

मानकोली नाक्यावर एखादा कंटेनर आडवा झाला की मागे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. रिकामी रिक्षाही तिथेच, ॲम्ब्युलन्सही तिथेच. वेबसाईटमध्ये हे काम जावास्क्रिप्टच्या फाईली करतात. ब्राउझर पान वाचत येतो, वाटेत अशी फाईल दिसली की थांबतो, ती उतरवतो, चालवतो, मगच पुढे जातो. तोपर्यंत स्क्रीन पांढरी.

माझ्या वेबसाईटवर अशा फाईली किती? प्रत्येक प्लगिनची वेगळी. चॅटच्या बुडबुड्याची वेगळी, पॉपअपची वेगळी, पडणाऱ्या कापसाची वेगळी. मी यादी काढली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: याने एक मीटर कापड तरी विकलं का? बहुतेक सगळ्यांचं उत्तर "नाही". काढून टाकली. चॅटऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची साधी लिंक टाकली, दाबली की थेट बाबांचा चॅट उघडतो. जी एक-दोन राहिली त्यांना "डिफर" लावलं, म्हणजे आधी पान दाखव, तुझं नंतर.

याने दाबल्यावरचा प्रतिसादही सुधारला. स्वस्त फोनचा प्रोसेसर लहान असतो, तो एवढ्या फाईली चालवतानाच दमतो. नेट कितीही फास्ट असलं तरी.

बाबा: "चार."

मराठीवाल्यांसाठी खास: फाँट

ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओंमध्ये सहसा सांगत नाहीत. देवनागरी फाँटची फाईल इंग्रजी फाँटपेक्षा बरीच मोठी असते, कारण जोडाक्षरांची रूपं वेगळी साठवावी लागतात. त्यात आपण हौसेने बारीक, मध्यम, जाड अशी चार-पाच वजनं घेतो. दोन पुरतात: साधं आणि ठळक. फाईल वॉफ-टू प्रकारची घ्या. आणि "फाँट-डिस्प्ले स्वॅप" लावा, म्हणजे तुमचा फाँट येईपर्यंत फोनमधल्या फाँटमध्ये मजकूर दिसतो. रिकामी जागा बघत बसावं लागत नाही.

एक सावधगिरी: फाईल लहान करायला कोणी सांगेल की नको ती अक्षरं कापून टाका. देवनागरीत हे आंधळेपणाने केलं तर जोडाक्षरं तुटतात. "क्ष"चा "क्‌ष" होतो आणि "प्रश्न" वाचता येत नाही. मी शेवटी वेगळा फाँट काढूनच टाकला. फोनमध्ये देवनागरी असतेच की!

बाबा: "तीन." आणि मग म्हणाले, "आता कापड दिसलं."

मग रँकचं काय झालं?

आता मूळ प्रश्नावर येतो. वेबसाईट फास्ट झाली. मी रोज गूगलवर बघायचो. एक आठवडा, दोन आठवडे. काही नाही! तिथल्या तिथे.

तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचं पान गिऱ्हाईकाच्या नजरेने वाचलं. त्यावर काय लिहिलं होतं? "गुणवत्ता हीच आमची ओळख." "विश्वासाचं नातं." अहो, पण कापड कोणतं? सुताचा काउंट किती, इंचाला ताणे किती, बाणे किती, पन्हा किती, एका ताग्यात मीटर किती, कमीत कमी किती घ्यावं लागेल, काहीच नाही. गूगलने कोणाला काय म्हणून दाखवायचं?

मग बाबांना समोर बसवलं आणि ते बोलतील तसं लिहून काढलं. प्रत्येक कापडाचं वेगळं पान. आणि बोलता बोलता बाबा सहज म्हणाले, "आपण ग्रे म्हणतो, पण घेणाऱ्या बायका मांजरपाट म्हणतात." मी थांबलोच. एवढ्या दिवसांत तो शब्द वेबसाईटवर एकदाही नव्हता. जाडसर कोरं कापड, जे पिशव्यांना, पंचांना, अस्तराला लागतं, त्याला लोक मांजरपाट म्हणतात, आणि शोधतातही तोच शब्द. आम्ही आमचा शब्द लिहून बसलो होतो.

मांजरपाटाचं पान मराठीत लिहिलं. साधं, तीनेकशे शब्दांचं. काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये त्या शब्दावरून लोक यायला लागलेले दिसले. मग डोंबिवलीहून एका ताईंचा फोन आला. त्या कापडी पिशव्या शिवून घेतात. मी विचारलं, वेबसाईट कशी सापडली? म्हणाल्या, "मोबाईलवर मांजरपाट शोधलं. वरच्या एक-दोन उघडत नव्हत्या, तुमची उघडली. आणि त्यात पन्हा लिहिला होता."

या एका वाक्यात आजचा सगळा एपिसोड आहे. पन्हा लिहिला होता म्हणून आम्ही यादीत आलो. पान उघडलं म्हणून फोन आला. दोन्ही हवं.

खोटं सांगणार नाही, वेबसाईटने आमचं नशीब बदललं वगैरे काही नाही. दोनांतला एक माग शेवटी भंगारात गेलाच. टेम्पो आला त्या दिवशी बाबा शेडमध्ये थांबले नाहीत. दुसरा माग राहिला. त्यावर आता बहुतेक मांजरपाटच असतं, आणि त्यातला थोडा माल दलालाशिवाय जातो. थोडाच. पण त्याचे पैसे माल उचलतानाच मिळतात, आणि हे आमच्या घरात नवीन आहे.

तुम्ही उद्या काय कराल?

स्क्रीनशॉट काढून ठेवा, क्रमही हाच ठेवा.

१. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये वेबसाईट उघडा आणि मोजा.

२. पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका. वर खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे असतील तर ते आधी बघा. नसतील तर घाबरू नका, खालची दुरुस्तीची यादी वापरा. मार्कांच्या मागे लागू नका.

३. फोटो लहान करा. बाकी काही जमलं नाही तरी हे कराच, हे एका संध्याकाळचं काम आहे.

४. जे विकत नाही, सांगत नाही, ते काढा. स्लायडर, पॉपअप, पडणारा कापूस.

५. कॅशिंग चालू करा. होस्टिंग बदलणार असाल तर सर्व्हर मुंबईचा मागा.

६. फाँट दोनच वजनांत, नाहीतर फोनमधलाच.

७. एवढं झालं की लिहायला बसा. गिऱ्हाईक जो शब्द वापरतं, त्या शब्दात. हे काम स्पीडच्या कामाइतकंच करा, जमलं तर जास्त.

आणि बदल केल्यावर २८ दिवस तरी थांबा. गूगलचे खरे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, ते दुसऱ्या दिवशी बदलत नाहीत. मी रोज बघत बसायचो, तुम्ही नका बसू.

बाबा अजूनही नवीन पान टाकलं की फोन हातात घेतात आणि मोजतात. परवा एका पानाला पाच लागले. मी म्हटलं, "बाबा, पाच चालतं की." ते म्हणाले, "चहा तेवढ्यात संपतो."

गेलो परत फोटो लहान करायला.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या वेबसाईटला घरातल्या जुन्या फोनवर किती मोजावे लागले, तो आकडा मला नक्की पाठवा. लाजायचं काही नाही, आमचे एकोणीस होते. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!